एका जोडप्याचे दोन जोडे

आमच्या दाराशी बूट-चपलांची लाकडी मांडणी आहे. तिच्या सगळ्यात खालच्या फळीवर हल्ली दोन जोड शेजारी-शेजारी असतात. एक पांढऱ्या कॅनव्हासचा, शाळेतली मुलं पीटीला घालतात तसला, पातळ तळाचा. दुसरा काळा, बोजड, पुढून टोपलीसारखा रुंद. पाहुणे विचारतात, हे असले बूट कुणाचे? हे दोन जोड ठरवायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि मधे एक चूक झाली जी पायावर बेतली असती.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, मुक्काम गोंदिया. एक राईस मिलमध्ये हिशेब बघतो, दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सगळीकडे 'आम्ही, आम्ही' लिहिलं तर कुणाचा पाय कुणाच्या बुटात तेच कळायचं नाही. म्हणून मुलं हाक मारतात तसंच पुढे अम्मी आणि अब्बा लिहितो.

सुरुवात अम्मीच्या हाडांपासून झाली. पन्नाशी जवळ आली तशी पाठ आणि गुडघे बोलू लागले. नागपूरला तपासणी केली, तेव्हा हाडं विरळ व्हायला लागल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं, नुसत्या चालण्यावर भागवू नका, वजन उचला. हाडावर भार पडला की हाड तो पेलायला तयार होतं, म्हणाल्या. अम्मीला हसू आलं. तिचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. लहानपणी बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी केली, डोक्यावरून धानाचे भारे आणले, आणि आता पैसे भरून लोखंड उचलायचं!

पण गेली. जवळच्या जिममध्ये सकाळची वेळ बायकांसाठी राखलेली आहे आणि शिकवणारीही मुलगीच. फजर झाली की अम्मी स्कार्फ बांधून, सैल कुर्ता घालून निघायची. मोहल्ल्यात थोडी कुजबुज झाली. पुढच्या महिन्यात कुजबुजणाऱ्यांतल्याच दोघी फी किती म्हणून विचारत आल्या, तो विषय तिथेच मिटला.

बुटांचं मात्र जमेना. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने हौसेने चांगल्या कंपनीचे, धावायचे, महागडे बूट पाठवले होते. घातले की ढगावर चालल्यासारखं वाटायचं. पण खांद्यावर दांडी घेऊन बैठक मारायला गेली की टाच डुगडुगायची. एकदा घोटा वळलाच. शिकवणाऱ्या मुलीने बूट हातात घेतला, टाचेखाली अंगठा दाबला, तो आत गेला. म्हणाली, "आंटी, गादीवर उभं राहून पाण्याचा गुंड डोक्यावर घ्याल का? तसंच करताय तुम्ही." मग तिने बाजूला बूट काढायला लावून रिकाम्या दांडीने बैठक मारून दाखवायला सांगितली. पाय जमिनीला असे चिकटले की अम्मीला बांधी आठवली. अनवाणी रोज चालणार नव्हतं, जिमचा नियम तसा आहे आणि बरोबरच आहे. पण अनवाण्याच्या जवळ जाणारा बूट घ्या, असं ती म्हणाली.

असल्या बुटांना 'मिनिमलिस्ट' म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळलं. म्हणजे कमीत कमी बूट. धावायच्या नेहमीच्या बुटात टाच पंजापेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटर उंच असते. यांच्यात ती जवळजवळ सपाट असते. २०१५ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून असा बूट ओळखायच्या पाच गोष्टी ठरवल्या: वजन किती, लवतो किती, तळ किती जाड, टाच आणि पंजा यांच्या उंचीत फरक किती, आणि पाय आवळून धरणाऱ्या सोयी किती. सगळं जितकं कमी, लवणं मात्र जितकं जास्त, तितका बूट अनवाण्याच्या जवळ. दुकानात हे वाचून दाखवायची गरज नाही. बूट एका हाताने दुमडून बघायचा, ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघायचा, टाच अंगठ्याने दाबायची. तिन्ही परीक्षा दोन मिनिटांत होतात. दुकानदार जरा विचित्र बघतो एवढंच.

माप घ्यायची रीत त्या मुलीनेच सांगितली आणि ती आम्हाला फार पटली. संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असताना, जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही पायांनी भार देऊन उभं राहायचं आणि पेन्सिलीने पावलाची कड काढायची. बुटातला सुटा तळ काढून त्या चित्रावर ठेवायचा. पाऊल तळाच्या बाहेर जात असेल तर तो बूट आपला नाही. अम्मी ती घडी पर्समध्ये घेऊन बाजारात गेली. बायकांचे सहा-सात जोड उतरवले, सगळ्यांत करंगळी कागदावरच्या रेघेबाहेर! चिखलात वाढलेलं पाऊल, पंजा पंख्यासारखा पसरलेला. 'भाभीजी, लेडीजमध्ये असेच येतात,' एवढंच उत्तर. बायकांचे पाय अरुंदच असतात हे कुणी ठरवलं, देव जाणे. शेवटी मुलांच्या शाळेच्या बुटांच्या ढिगात जोड मिळाला. कॅनव्हास, सपाट रबरी तळ, आत बोटं हलतात, पुढे अंगठ्याएवढी जागा. किंमत साडेचारशे. खास या नावाने येणारे परदेशी बूट इंटरनेटवर काही हजारांच्या घरात होते. पुण्याचा मुलगा म्हणाला, "मागवतो." अम्मी म्हणाली, "राहू दे, त्या पैशात माझी वर्षाची फी होते."

घाई मात्र केली नाही, आणि हे वाचक बहिणींना मुद्दाम सांगतो. पहिले पंधरा दिवस हा बूट फक्त जिमच्या आत, वजनं उचलतानाच. तरी पोटऱ्या दुखल्या, कारण उंच टाचेची सवय झालेला स्नायू आता पूर्ण ताणला जात होता. धावायला तर घातलाच नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला. दहा आठवड्यांत असल्या बुटांवर धावायला लागलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज दिसली होती. पाच बोटं वेगळी असलेले बूट काढणाऱ्या व्हायब्रम कंपनीने पाय मजबूत होतात, दुखापत कमी होते असा प्रचार केला होता. तिच्यावर दावा झाला. २०१४ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता गिऱ्हाइकांना परत द्यायला ३७.५ लाख डॉलर बाजूला काढले. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. तोच १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून पुन्हा जिंकला, हे कुणी सांगत नाही.

अम्मीचं गाडं रुळावर आलं. ते बघून अब्बांनाही हुरूप आला, आणि इथे आमची चूक.

अब्बांना अकरा वर्षांपासून साखर आहे. गोळ्या वेळेवर, पथ्य बऱ्यापैकी, ईदची शीरखुर्मा-वाटी सोडली तर. मिलमध्ये दिवसभर बसून पोट सुटलेलं. अत्तहियातला बसताना उजव्या पायाची बोटं दुमडायची तर कळ यायची, ती हल्ली यायची थांबली होती. हे त्यांना सुधारणा वाटत होतं. त्यांनी अम्मीसारखाच कॅनव्हासचा जोड घेतला, पुरुषांच्या वेळेला जिमला जाऊ लागले, येता-जाता रस्त्यानेही तेच घालून. कौतुक तर विचारू नका. "इतका पातळ तळ, पण खडा म्हणून टोचत नाही!" आम्ही दोघांनी चार नातेवाइकांना हे सांगितलंसुद्धा. खडा टोचायलाच हवा होता, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग मे महिना आला. गोंदियाचं ऊन माहीत असलेल्यांना जास्त सांगायला नको. जुम्याला मस्जिदीत वुजूखान्यापासून आतल्या सफेपर्यंत दहा-बारा पावलं उघड्या सहनातून जावं लागतं. फरशी तव्यासारखी. जवान मुलं चवड्यांवर उड्या मारत पळत होती आणि अब्बा नवाबासारखे सावकाश चालत आले. भाच्याने घरी येऊन त्याची नक्कल केली, आम्ही पोट धरून हसलो.

रात्री अम्मीने चादर सारखी करताना पाहिलं, अब्बांच्या डाव्या तळव्याला, चवड्याखाली, रुपयाच्या नाण्याएवढा फोड. "हे केव्हा झालं?" अब्बांनी पाय वळवून बघायचा प्रयत्न केला. "काय झालं?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि जाडसर नायलॉनचा एक धागा काढला. तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा, तेवढ्यात दहा ग्रॅमचा दाब पडतो. "लागलं की हो म्हणा." अब्बा डोळे मिटून बसले. डॉक्टर अंगठ्याला टेकवत होते, चवड्याला टेकवत होते. अब्बा वाट बघत होते, की सुरू कधी करताहेत. शेजारी उभ्या असलेल्या अम्मीला सगळं दिसत होतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ती दोन मिनिटं आम्ही विसरणार नाही.

पातळ बुटाचा सगळा फायदा एकाच गोष्टीवर उभा आहे. जमिनीची खबर पायाला लागते आणि पाय स्वतःला सावरतो. अम्मीच्या पायाला खबर लागत होती. अब्बांच्या पायातला निरोप्याच साखरेने झोपवला होता. त्यांच्यासाठी पातळ तळ म्हणजे खिळा आणि मांस यांच्यामधलं एक फडकं.

फोड भरायला पाच आठवडे लागले. थोडक्यात निभावलं, अल्हमदुलिल्लाह. मग तो काळा बूट आला. त्यातही बोटांना जागा रुंदच हवी, बाकी सगळं उलट: खोल, आत शिवण न टोचणारा, मऊ गादी, खाली काटा आत न येईल असा टणक तळ, वेल्क्रोचा पट्टा. घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघायचं, खडा-बिडा नाही ना. घरातही अनवाणी नाही. जिम सुटली नाही, पण बसून करायचे व्यायाम जास्त, आणि साखर तपासून.

मस्जिदीचं काय करायचं, हा प्रश्न होता. वुजू झाला की बोटांच्या फटी कोरड्या करून लगेच मोजे घालायचे, असं ठरलं. बोटांत खिलाल करताना आता अब्बा बघतातही, चीर पडली का, लाल झालं का. पूर्वी हात फक्त फिरत होता. सहनातल्या तापलेल्या फरशीबद्दल कमिटीला सांगायला त्यांना आठवडा लागला. साखर पायात उतरली हे चारचौघांत कसं सांगायचं? शेवटी सांगितलं. कमिटीने पुढच्या जुम्याच्या आत वुजूखान्यापासून दारापर्यंत काथ्याची पट्टी टाकली, आणि त्याच दिवशी नमाजनंतर दोन बुजुर्ग एकेकटे अब्बांना बाजूला घेऊन हळूच विचारून गेले, ते धाग्याचं कुठे करतात?

अम्मी आता चाळीस किलोची दांडी जमिनीवरून उचलते. कॅनव्हासच्या जोडाला अंगठ्याजवळ भोक पडायला आलंय, कागदाची घडी पर्समध्ये आहेच. इशानंतर अब्बा पलंगावर पाय लांब करतात, अम्मी चष्मा लावून मोबाइलच्या उजेडात दोन्ही तळवे बघते, बोटं एकेक उघडून. गुदगुल्या होतात का, ती रोज विचारते. परवा अब्बा म्हणाले, उजव्या करंगळीला होतात वाटतं. अम्मीने पुन्हा करून बघितलं.