कामटी, कागद आणि खळ

आकाशकंदील विकत आणणारी माणसे सुखी असतील. पण ती एका आनंदाला मुकतात खरी. बांबूच्या कामट्या तासाव्या, पतंगी कागद कापावा आणि मैद्याची खळ शिजवून तो चिकटवावा, यातली मौज प्लास्टिकच्या तयार चांदणीत कुठून येणार!

अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात जाणारे आमचे एक शेजारी माझा हा खटाटोप पाहून म्हणाले, "अहो, कामटी, कागद, खळ, सारी साखरेचीच रूपे ही!"

मी हसलो, पण गोष्ट खरी होती. तिन्हींच्या मुळाशी ग्लुकोज. खळीतल्या स्टार्चची साखळी वळसे घेत जाते, म्हणून आपले पोट ती सहज सोडवते. सेल्युलोजमध्ये मात्र प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या उलटी बसते. साखळी ताठ होते आणि आपल्या पोटाला दाद देत नाही. गाईला कडबा पचतो, तोही तिच्या पोटातल्या सूक्ष्म जीवांच्या जिवावर. पायेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३८ साली हा पदार्थ वेगळा ओळखला.

पण नुसत्या ताठपणावर बांबू उभा राहत नाही. शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. एकेक बंध अगदी लेचापेचा, पण संख्या अगणित! त्यांना हेमिसेल्युलोजचे वेष्टण, आणि उरल्या फटींत लिग्निनचा गिलावा. बांबू, भात अशा गवतांत फेरुलिक आम्लाचे दुवे या दोघांना पक्के सांधतात. म्हणूनच पांढरा कागद करायचा, किंवा शहाडला होतो तसा रेयॉनचा धागा काढायचा, तर लाकडातले लिग्निन आधी रसायनांत उकळून काढावे लागते.

शेजारी हे सांगत होते आणि माझे लक्ष आमच्या घराच्या नव्या भिंतीकडे गेले. गेल्या वर्षी आम्हां भावांची वाटणी झाली. सह्या झाल्या, भिंत उठली, दादाने बोलणे टाकले.

वसुबारसेला वहिनींकडून चकल्यांचा डबा आला. रिकामा कसा परत करायचा, म्हणून हिने त्यात करंज्या घातल्या. दादाचा धाकटा कामट्या धरायला येऊन बसू लागला. एका डब्याने घर सांधत नाही, हे मलाही कळते. पण लेचेपेचे बंध पुष्कळ झाले, म्हणजे त्यांची गणना बळकटांत होते.

दादा अजून बोलत नाही. काल मात्र तोच डबा परत आला. आत अनारसे होते, आणि उंबऱ्याशी तो ठेवून गेला, तो खुद्द दादा होता.