बीटीके, क्यूटीके आणि दिवाळी

दादरला वीर सावरकर मार्गावरच्या आमच्या संस्थेचं लांबलचक सरकारी नाव कोणी घेत नसे. सगळ्यांसाठी ते केटरिंग कॉलेज. लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं 1954 साली सुरू झालेलं, पुढे थंगम फिलिपबाईंच्या शिस्तीत वाढलेलं. बाईंना 1976 साली पद्मश्री मिळाली होती आणि त्यांच्या 'मॉडर्न कुकरी'च्या पानांवर आमच्या आधीच्या बॅचांचं तूप सांडलेलं होतं. साताऱ्याच्या नातेवाइकांना मात्र एवढंच कळलेलं, की पोरगी पैसे भरून स्वयंपाक शिकायला गेली. "आचारीण होणार का गं?" मावशी विचारायची. आईचं दुःख वेगळंच. घरी स्वतःचा कपही न विसळणारी मी तिथे टोप घासत होते!

पहिल्या वर्षाचं बेसिक ट्रेनिंग किचन, म्हणजे बीटीके. एकाच गाजराचे ज्युलियन, ब्रुनवाज आणि आणखी किती प्रकारचे काप. बटाट्याला सात पैलू पाडून पिंपाचा आकार द्यायचा, तर निम्मा बटाटा सालांबरोबरच जायचा. हाउसकीपिंगला चादरीचे कोपरे. सर्व्हिसच्या तासाला एकमेकांनाच वाढायचं. पाहुणा झालेल्याला जेवण, वेटर झालेल्याला बोलणी.

खरी गंमत क्यूटीकेत, क्वांटिटी ट्रेनिंग किचनमध्ये. चार माणसांच्या कृतीला पंचविसानं गुणलं की शंभर माणसांचं जेवण होत नाही, हे तिथं जीभ पोळून कळायचं. मोठ्या टोपात कांदा एकदम लोटला की त्याला पाणी सुटतं. तो परतला जातच नाही, नुसता उकडतो. तिखट-लवंग त्याच हिशेबानं वाढवली की सगळा वर्ग खोकत बाहेर. आणि भात? खालचा करपलेला, वरचा कच्चा, मधला मात्र झकास, म्हणून आम्ही मधलाच खायचो. एवढं पोटभर जेवूनही संध्याकाळी कीर्ती कॉलेजजवळ वडापाव हवाच, वर चुरा मारून.

ट्रेनिंगला एका मोठ्या हॉटेलात होते तेव्हाची दिवाळी अजून आठवते. लक्ष्मीपूजनाला बँक्वेट गच्च, आणि मी गार्ड मांजेत, म्हणजे थंड पदार्थांच्या खोलीत, सॅलडची पानं निवडत. रडू येईल असं वाटलं होतं. पण शेजारी मालवणचा एक जुना शेफ कलिंगड कोरता कोरता गावच्या दशावताराची सोंगं करून दाखवत होता, आणि हसण्याच्या नादात ट्रे कधी भरले कळलंच नाही. शिफ्ट संपल्यावर त्यानं डब्यातून खडखडे लाडू काढले. आईच्या बेसनलाडवांपेक्षा ते मला जास्त आवडले, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या बॅचचे कितीतरी जण आजही दिवाळीला ड्युटीवर असतात. त्यांच्या शुभेच्छा भाऊबीज उलटल्यावर येतात, आणि त्यांतही बँक्वेटला किती कव्हर्स झाले, म्हणजे किती पानं वाढली, हेच आधी लिहिलेलं असतं.