हिशेब मागणारा माणूस

आज सोमवार. 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहता येतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या किती गावांना हे ठाऊक असेल?

ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत नुसती रक्कम दिसते. खरा हिशेब मोजमाप पुस्तिकेत असतो: नालीची लांबी, काँक्रीटची जाडी, खाली अभियंत्याची सही. तिची प्रत घेऊन नालीवर टेप धरला की कागद आणि काम समोरासमोर येतात. त्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जाला लागतो 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला 2 रुपये आणि 30 दिवसांचा धीर. माहिती नाकारली तर पहिलं अपील, पुढे राज्य माहिती आयोगाचं अमरावती खंडपीठ.

राजस्थानात 1994 पासून मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईत हजेरीपट जाहीर वाचले. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यामागे ती माणसं उभी आहेत.

तरीही अर्जदाराला गावात ‘कशाला उकरून काढतो?’ असं ऐकावं लागतं, याचं वाईट वाटतं. माहिती कशासाठी हवी, हे विचारायची मुभा कायद्याने अधिकाऱ्यालाही दिलेली नाही. घरपट्टी आपण भरतो. हिशेबही आपणच मागायचा. कलम 4 प्रमाणे कार्यालयांनी तो स्वतःहून मांडला, तर अर्जाची वेळच येणार नाही.