अप्पांची खाच

आमच्या बेळगावच्या घरात खिळ्यांवर पेललेलं कपाट नाही. अप्पांना ते कधी पटलंच नाही. उभ्या फळीत खाच पाडायची नि आडवी फळी तिच्यात बसवायची, मग पुस्तकांचं ओझं खिळ्यावर नाही, लाकडावर येतं. करवतीनं दोन रेघा कापून मधलं लाकूड ते पटाशीनं काढायचे. आता हात थरथरतो, पटाशी धरवत नाही.

म्हणून राऊटर आणला. पण मशीन आपणहून सरळ चालत नाही, त्याला वाट आखून द्यावी लागते. प्लायच्या दोन सरळ पट्ट्या समांतर, त्यांना काटकोनात दोन आडव्या, झाला साचा. मधलं अंतर अप्पांनी ठरवलं. "टेप कशाला? फळीच ठेव की मधी." बरोबर आहे, 18 मिमीचा प्लाय पुष्कळदा पुरता 18 भरत नाही. फळी मध्ये धरून पट्ट्या आवळल्या. बिट 12 मिमीचा, त्याच्या दांड्यावरचं बेअरिंग पट्टीच्या कडेनं फिरतं. खोली 6 मिमी, तीही दोन फेऱ्यांत. डावी-उजवी फळी शेजारी आवळून एकदमच खाच पाडली, म्हणजे उंचीत फरक नाही.

आता मशीन मी चालवतो. गुण्या लावून रेघ मारणं नि फळी ठोकून बसवणं अप्पांकडं. फळी ढिली बसली तर ते बोलत नाहीत, नुसती परत काढून ठेवतात.

तुमच्या जुन्या कपाटाची फळी एकदा काढून बघा. खाच असेल तर ती कुणाच्या हातची, तेवढं लिहून ठेवा.