आईच्या डोंगराला वळसा

साग, साग आणि साग! किनवट मागे पडलं, माहूरकडचे डोंगर सुरू झाले आणि माझी मान खिडकीबाहेर गेली ती गेलीच. आमच्या चिपळूणकडे साग म्हणजे कुणी हौसेनं बांधाला लावलेली चार-दोन ओळींची झाडं. इथं डोंगरच्या डोंगर सागाचे. श्रावण असल्यामुळे प्रत्येक झाडाच्या माथ्यावर पांढुरक्या फुलांचे तुरे, खाली सुपाएवढाली पानं आणि त्या पानांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज! कोकणातला पाऊस कौलांवर, माडा-पोफळींवर वाजतो, तो आवाज मला पाठ आहे. हा निराळाच. थेंब मोजके, पण एकेक थेंब पानावर ताडकन पडतो आणि क्षणभर थांबून पुढचा पडतो. एका पोरानं कोवळं पान चुरगळून माझ्या तळहातावर चोळलं, तर हात लालभडक!

आमच्या किनाऱ्यावर मराठवाडा म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे टँकर येतो. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, ते चित्र सगळ्यांच्या मनावर कोरलेलं आहे आणि ते खरंच आहे. पण त्याच मराठवाड्याचा ईशान्येकडचा हा कोपरा, नांदेड जिल्ह्याचं हे टोक, असं हिरवंगार, असं ओलं, असं चढउताराचं असेल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी निघालो होतो राखी पौर्णिमेच्या परिक्रमेसाठी. आमच्याकडे हीच नारळी पौर्णिमा. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. होड्या सजतात, दर्याला नारळ वाहतात. इथं समुद्र कुठून येणार? इथं माणसं डोंगराला वळसा घालायला निघतात. माहूरच्या तीर्थांवर अंघोळी करायच्या आणि रेणुका, दत्त, अनसूया यांची शिखरं उजव्या हाताला ठेवून रानातून, ओढ्यांतून, खाचखळग्यांतून चालत राहायचं. पायात चप्पल असलेली माणसं शोधावी लागत होती.

पहाटेच्या अंधारात वाटेला लागलो. ढगांमागे चंद्र. पुढेमागे बॅटऱ्यांचे उजेड हलताहेत, टाळ वाजताहेत, मधेच 'उदो उदो' असा पुकारा उठतो आणि तो एका वळणावरून दुसऱ्या वळणावर सरकत दूर रानात जातो. माझ्या डाव्या बाजूला मराठी चाललीय, उजव्या बाजूला तेलुगू. मागून बंजारा बायकांचा घोळका येतोय. त्यांच्या घागऱ्यांवरच्या काचा बॅटरीच्या उजेडात एकदम लखलखतात आणि पुन्हा विझतात. वारीची गर्दी मी पाहिली आहे, ती रस्त्यावरची, शिस्तीत दिंड्यांनी चालणारी. ही गर्दी रानात विरघळते. क्षणभर वाटतं, आपण एकटेच आहोत, आणि पुढच्या ओढ्यापाशी शंभर माणसं एकमेकांचे हात धरून पाणी ओलांडताना दिसतात.

वाटेत चिखल. हा चिखल म्हणजे एक प्रकरणच आहे! आमची तांबडी माती पावसात वाहून जाते, पायाला फारशी धरत नाही. ही काळी माती पाय सोडत नाही. दहा पावलांत पाय दुप्पट जड होतात. सोबतच्या एक म्हाताऱ्या बाई काठीनं तळपाय खरवडत, अजिबात न थांबता चालत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठून आलाव, दादा?"

"चिपळूणहून, मावशी. आमच्या घाटात परशुरामाचं देऊळ आहे."

त्या थबकल्या. मग मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं ऐका गं, लेकाच्या गावचं माणूस आईला भेटाया आलंय!"

आणि मला भरूनच आलं. कारण माझ्या मनात तेच होतं, फक्त ते असं कुणी बोललं नव्हतं. कोकण म्हणजे परशुरामानं समुद्र हटवून मिळवलेली भूमी, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्याच्या आईचं काय झालं, ती कथा इथं येऊन ऐकावी. सहस्रार्जुनानं जमदग्नीला मारल्यावर परशुराम कावडीच्या एका पारड्यात वडिलांचं कलेवर आणि दुसऱ्यात आईला घेऊन दहनासाठी कोरी भूमी शोधत निघाला. ती सापडली या डोंगरावर. दत्तात्रेयांनी अंत्यसंस्काराचे विधी सांगितले, परशुरामानं बाण मारून पाणी काढलं ते मातृतीर्थ, आणि रेणुका सती गेली. नंतर आईच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या मुलाला आकाशवाणी झाली की ती जमिनीतून वर येईल, मात्र मागे पाहू नकोस. त्यानं पाहिलं. म्हणून फक्त मुखच वर आलं.

ते मुख आता माझ्यासमोर आहे! धड नाही, हात नाहीत, नुसता तांदळा, शेंदरानं माखलेला, भव्य. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि ही रेणुका ही तीन पूर्ण शक्तिपीठं, वणीची सप्तशृंगी अर्धं. कोल्हापूरला सोन्यानं मढलेली, उभी देवी पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हे रूप हादरवतं. डोळे एवढे मोठे, की गाभाऱ्यात कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच पाहताहेत असं वाटतं. बाहेर दगडी खलबत्त्यांत विड्याची पानं कुटण्याचा धडधड आवाज सतत चाललेला. हा इथला प्रसाद, तांबूल. कात, बडीशेप, पानाचा हिरवा वास पायऱ्यांपर्यंत पसरलेला. तो कुटलेला विडा तोंडात टाकला आणि पहाटेपासूनच्या चालण्याचा शीण तिथंच उतरला.

दत्तशिखराची वाट रेणुकेच्या डोंगरापुढून आणखी वर जाते. दत्तात्रेय कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि माहूरला निजायला येतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्यांच्या एका दिवसाच्या फेरीत येतो! महानुभावांसाठीही हा डोंगर पवित्र आहे. फलटणचे चांगदेव राऊळ इथं आले असता दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला, असं ते मानतात. ही कथा मी तिथल्या कड्यावर बसून ऐकली. खाली सागाचं रान, रानातून वर येणारं धुकं, आणि तीन बाजूंनी डोंगराला वेढा घालून जाणारी पैनगंगा. अशा ठिकाणी वाघाची कथा ऐकणं वेगळं आणि घरात दिव्याखाली वाचणं वेगळं.

समोरच्या डोंगरावर माहूरचा किल्ला. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला वाटतं, किल्ला म्हणजे कडे आणि कातळ. इथं तट झाडांत बुडालेला. हत्ती दरवाजातून आत शिरलो तर भिंतींवर शेवाळ, भिंतींच्या भेगांत पिंपळ, पलीकडे तळं आणि तळ्यावर बगळे. या माहूरचीच रायबाघन! पती उदारामाच्या मागे जहागिरी सांभाळणारी, मोगलांच्या फौजेत लढणारी सावित्रीबाई. 1661 साली कारतलबखान उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला, तेव्हा ही त्याच्यासोबत होती आणि शरण जाण्याचा सल्ला तिनंच त्याला दिला. उंबरखिंड मी पाहिली आहे. ती अरुंद, झाडीनं गच्च भरलेली वाट आठवली आणि या तटावर उभा राहून मनात आलं, हे रान, हे चढ, या घळी पाहत वाढलेल्या बाईला ती खिंड बघताक्षणी कळली असणार. खानाला कळली नाही.

मग पैनगंगेच्या काठाकाठानं सहस्रकुंडाकडे. आमची वाशिष्ठी सह्याद्रीतून निघते आणि बघता बघता खाडी होते, तिच्या पाण्याला समुद्राची घाई. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरांत जन्मून सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला चालत जाते, वर्धेला मिळते, ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात. काठावर कापूस, सोयाबीन, तूर, आणि मधेच शेतं संपून रान सुरू. एक काठ मराठवाड्याचा, समोरचा विदर्भाचा. पलीकडच्या गुराख्यानं काहीतरी ओरडून विचारलं, अलीकडच्यानं उत्तर दिलं, दोघांच्या बोलीचा हेल वेगळा.

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. आणि दिसतो तेव्हा? मी ठोसेघर पाहिला आहे, आंबोली पाहिली आहे. ते धबधबे उंच, सडपातळ, वरून येणारे, आपण मान वर करून बघतो. इथं मान वर करायची गरजच नाही. अख्खी नदी, पूर आलेली, गढूळ, तांबूस, एका काळ्या कातळाच्या उंबऱ्यावरून आडवीच्या आडवी कोसळतेय! कातळ असा चकचकीत काळा, असा कातीव, की ओतीव लोखंड वाटावं. त्याच्या प्रत्येक फटीतून वेगळी धार, प्रत्येक धारेचा वेगळा वेग, आणि खाली सगळ्या मिळून एकच उकळी. तुषार एवढे उडताहेत की पलीकडचा विदर्भ दिसेनासा झालाय. शेजारचा माणूस माझ्या कानाशी तोंड आणून बोलतोय आणि मला एक अक्षर कळत नाहीये. काठावरच्या महादेवाच्या देवळातली घंटा हलताना दिसते, वाजताना ऐकू येत नाही.

याच नदीच्या काठी उनकेश्वरला गंधकाचे गरम झरे आहेत. आमच्याकडे तुरळला, राजवाडीला असतात तसेच, तोच वास, त्वचेचे विकार घेऊन येणारी तीच आशेची माणसं. शरभंग ऋषींचा आश्रम इथं होता असं सांगतात.

तिथून नैर्ऋत्येला उतरलो ते लातूरकडे, औशाच्या बाजूला. रान संपलं. आता मोकळं, विस्तीर्ण, क्षितिजापर्यंत पसरलेलं काळं शिवार. आणि त्यात मधेच उठलेला खरोशाचा डोंगर. दुरूनच त्याचा रंग पाहून मी चालण्याचा वेग वाढवला. जवळ गेलो, दगडाला हात लावला.

जांभा!

समुद्रापासून इतक्या दूर, काळ्या बेसाल्टच्या मुलखात, आमच्या घरांचा, आमच्या गडग्यांचा, आमच्या विहिरींचा जांभा! तोच लाल, तोच छिद्राछिद्रांचा, बोटाला तीच गेरूसारखी पूड लावणारा. शास्त्र सांगतं की युगानुयुगांच्या ऊन-पावसानं बेसाल्टमधली सिलिका धुऊन जाते आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहतं, त्याचा हा दगड होतो. म्हणजे आजच्या या कोरड्या पठारानंही कधीकाळी कोकणासारखा पाऊस अंगावर घेतला आहे. चिरेखाणीत आम्ही जांभ्याचे चिरे काढतो, घरं बांधतो. यात देव कोरायचा विचार आमच्याकडे मी तरी कुठं पाहिला नव्हता. इथं सहाव्या शतकाच्या सुमाराला माणसांनी या डोंगरात लेणी खोदली. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण. वेरूळच्या बेसाल्टमध्ये दागिन्याचा मणी न् मणी मोजता येतो. या दगडात बारीक काम राहत नाही, म्हणून सगळं ठसठशीत: रुंद खांदे, भरदार मांड्या, मोठाले हात. वाऱ्यापावसानं चेहरे झिजलेत, पण अंगातला आवेश गेलेला नाही. अंधाऱ्या दालनात शिरलो आणि तो ओल्या जांभ्याचा वास आला, पावसाळ्यात आमच्या माजघराला येतो तो. मी खांबाला टेकून कितीतरी वेळ बसून राहिलो.

आणि या डोंगरावर कुणाचं देऊळ असावं? रेणुकेचं! जवळच एक मशीदही आहे.

देवळापाशी सावलीला एक आजोबा बसले होते. मी त्यांना जांभ्याबद्दल सांगत सुटलो, आमची घरं, आमचे सडे, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काठीनं पूर्वेकडे दाखवलं. "ह्यो तांबडा दगड तिकडं बिदरापातूर हाय. तिथला किल्ला, खंदक, समदं ह्याच्यातच." मी विचारलं, चालत जाता येईल का? त्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"जाता येतंय की. पर आधी भाकर खाऊन घ्या, मंग वाट सांगतो."