चार म्हणजे किती?

आमच्या रत्नागिरीत नवख्या माणसाची नुसतं नाव सांगून सुटका होत नाही. "कुठले तुम्ही?" हे येतंच. मुरुगवाड्यातले जोशी की शिरगावचे, हे ठरल्याशिवाय चहा पुढे सरकत नाही. आकड्यालाही असंच गाव लागतं, हे मला साठी उलटल्यावर पुतण्याने शिकवलं.

नंदू इंजिनियरिंगला. द्रवांच्या पेपरात उत्तर बरोबर, पण एकक लिहिलं नाही म्हणून अर्धे गुण कापले. मी हळहळलो, "एका शब्दापायी एवढं?"

तर त्याने माझीच शिकवणी घेतली. "काका, खोबरेल पाण्यापेक्षा जड की हलकं?"

"जड! किती घट्ट असतं ते!"

"मग पाण्यावर तरंगतं कसं? घट्टपणा म्हणजे श्यानता, ती वाहताना कळते. जडपणा ठरतो घनतेवर. लिटरभर खोबरेल भरतं साधारण ९२० ग्रॅम."

म्हणजे किलोचे पैसे मोजून लिटरची बाटली आणण्यात मी आयुष्यभर ८० ग्रॅम वाण्याला सोडत आलो होतो! पुढे तो म्हणाला, मीटरमध्ये सेकंद मिळवता येत नाहीत. समीकरणाच्या दोन्ही बाजूंची मिती एकच हवी. मला एवढंच कळलं, की लग्नात गोत्रं वेगळी लागतात आणि समीकरणात एकच.

हसण्यावारी नेलं खरं. पण पावसाळ्यात आईच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. चहा, पेज, ताक सगळं धरून दिवसाला एक लिटर. आता पाणी किती पितात?"

"चार," मी ठणकावून सांगितलं.

"चार काय?"

मी गप्प. शेर-पावशेर मोडीत काढणारा कायदा १९५६ साली झाला, १९५८पासून टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. आमच्या माजघरात मात्र अजून पोचायचा होता. आईचं माप म्हणजे तिचं पितळी भांडं. नंदूने खुणांच्या बाटलीने ते मोजलं: ४५० मिलिलिटर! चार म्हणजे १८००, आणि चहा-पेज वेगळीच.

दुसऱ्या दिवसापासून आईच्या उशाशी खुणांची बाटली आली. "आता तहानसुद्धा सरकारी मापाने लागायची काय रे मेल्या?" असं ती रोज विचारायची. पण गोळ्यांनी आणि बाटलीने मिळून पंधरवड्यात सूज ओसरली.

त्या दिवशी नंदूला पाठीवर थाप मारून म्हटलं, "तुझे अर्धेच गुण कापले, हे मास्तरांचे उपकार समज!"