पुढची ओळ सुचेपर्यंत

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने नवे वाद्य शिकू नये असा काही कायदा नाही. पण तो असावा, असे आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांचे मत झाले आहे. आम्ही राहतो मांजरीला. त्यामुळे माझ्या मेंडोलिनवर विनोद करायला शेजाऱ्यांना फार लांब जावे लागत नाही. "सर, काल रात्री मांजरीत मांजर रडत होतं का हो?" असे लिफ्टमध्ये कुणी विचारले, की मी नुसता हसतो. विचारणाऱ्याचा कान तसा वाईट नाही. मी वाजवीत असतो ते 'ब्लूज', आणि ब्लूजमधला गंधार थोडासा कण्हलाच पाहिजे.

मेंडोलिन मामांचे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ते वाजवीत. त्यांच्या पिढीला या वाद्याची गोडी लावली ती हिंदी चित्रपटांनी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मेंडोलिनवादक. संगीतकार सज्जाद हुसेन तर या वाद्यावर रागदारी वाजवीत. ज्याने मेंडोलिन एकदा तरी हातात धरले आहे तो हे नाव ऐकताच कानाच्या पाळीला हात लावतो. कारण मोठे साधे आहे. मेंडोलिनला आठ तारा, पण त्या जोडीजोडीने लावलेल्या. म्हणजे खरे स्वर चारच, व्हायोलिनसारखे. तारा आखूड आणि चांगल्या ताणलेल्या. सतारीची तार पडद्यावर ओढावी आणि मींड निघावी, तसे इथे होत नाही. बोट दुखते, तार फारशी हलत नाही. शिवाय स्वर उमटतो न उमटतो तोच विझतो. तो लांबवायचा तर नखी भराभर खालीवर फिरवीत राहायची.

आणि असल्या वाद्यावर मी ब्लूज वाजवायला निघालो! ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. तिथली गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली. कापसाची शेते, मालकाचे कर्ज आणि अपमान मात्र संपले नाहीत. शेतातल्या हाकाऱ्यांतून, श्रमाच्या गाण्यांतून हे गाणे घडत गेले. 1920 मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली, ती हातोहात खपली आणि ब्लूज घरोघर पोचले. या गाण्याचे आवडते वाद्य गिटार. मेंडोलिनवर ते वाजविणारे थोडेच, आणि त्यांत माझा लाडका म्हणजे टेनेसी राज्यातला यँक रेचेल. त्याची कथा मोठी गमतीची आहे. लहानपणी आईने त्याला पाळायला डुकराचे एक पिल्लू दिले होते. एका शेजाऱ्याकडे मेंडोलिन पाहून पोराचे भान हरपले. पिल्लू देऊन त्याने ते घेतले. आई म्हणाली, आम्ही डुकराचे मांस खाऊ, तेव्हा तू आपले मेंडोलिन खा! रेचेलने 1929 मध्ये पहिले ध्वनिमुद्रण केले आणि 1997 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वाजवीत राहिला.

मींड निघत नाही त्यावर या मंडळींनी काय तोड काढली? ब्लूजचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही; दोहोंच्या मधल्या फटीत तो राहतो. मेंडोलिनच्या पडद्यांत तर ती फटच नाही. तेव्हा कोमल गंधारावर नखी मारायची आणि स्वर विझायच्या आत बोट शुद्ध गंधारावर सरकवायचे. मधला स्वर वाजत नाही. तो ऐकू येतो. हे एवढे जमायला मला आठ महिने लागले.

या गाण्याची बांधणीही पाहण्यासारखी आहे. चार मात्रांचा एक असे बारा खंड, आणि त्यांत ओळी तीन. पहिली ओळ गायची. दुसऱ्यांदा तीच ओळ. तिसरी ओळ त्यांना उत्तर देते. पण गंमत अशी, की पहिल्यांदा ओळीखाली आधार असतो षड्जाचा, आणि तीच ओळ परत येते तेव्हा आधार मध्यमावर गेलेला असतो. शब्द तेच, पायाखालची जमीन निराळी. तिसरी ओळ पंचमावरून निघून घरी येते. शिवाय प्रत्येक ओळ खंडांच्या मध्यावरच संपते. उरलेल्या जागेत वाद्य बोलते. आपल्या पोवाड्यात शाहीर थांबला की झीलकरी 'जी जी' करून त्याला उचलून धरतात, तसेच काहीसे.

"तुझा पगार एक तारखेला जमा होतो," आमच्या स्टाफरूममधले एक इतिहासाचे प्राध्यापक मला म्हणाले, "तुला कसले आले आहे ब्लूज?" प्रश्न थट्टेत विचारला होता, पण तो माझ्या मनात रुतून बसला. दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ हा आपल्या करमणुकीचा विषय आहे काय?

याचे उत्तर मला मांजरीतच सापडले. आज आमच्या गावात उसाच्या फडांना लागून बारा-बारा मजली इमारती आहेत, आणि 2021 पासून आम्ही पुणे महापालिकेच्या हद्दीत आहोत. पण याच मांजरीला एके काळी जोतीराव फुल्यांची शेती होती. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झटलेल्या तिथल्या सज्जनांना. सातासमुद्रांपलीकडच्या दुःखाची दखल पुण्यातल्या माणसाने घेतली होती. पण ते नुसते हळहळून थांबले नाहीत. त्या लोकांचा कित्ता माझ्या देशबांधवांनी गिरवावा आणि आपल्या शूद्र बांधवांना मोकळे करावे, अशी इच्छा त्यांनी त्याच अर्पणपत्रिकेत लिहून ठेवली. दूरचे दुःख ऐकावे, पण ते ऐकून आपल्या घरात वळून पाहावे, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आमच्या घरात आई आहे. वडील गेल्यावर ती गाव सोडून आमच्याकडे आली, त्याला तीन वर्षे झाली. ती सगळ्यांशी बोलते. भाजीवालीशी तर अर्धा-अर्धा तास. वडिलांविषयी मात्र या तीन वर्षांत तिने एक शब्द काढलेला नव्हता. आम्हीही विषय टाळत आलो. मध्यमवर्गीय घरांतून दुःखाला असेच पाहुण्यासारखे वागवितात: बसायला जागा देतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत.

एका संध्याकाळी मी गॅलरीत वाजवीत होतो आणि ती लसूण सोलीत बसली होती. मध्येच म्हणाली, "तू एकच ओळ दोनदा वाजवतोस, ती पुढची सुचेपर्यंत ना?"

मी हात थांबवला. "तुला कसं कळलं?"

"आम्ही जात्यावर तेच करायचो. जातं फिरत असतं, त्याला थांबवता येत नाही. मग पुढची ओळ सुचेपर्यंत पहिलीच घोळवायची. जोडीदारीण असली की मग ती उचलायची."

गेली वीस वर्षे मी वर्गात ओवी शिकवतो आहे. तिचे चरण मोजून दाखवतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हेही मुलांना आवर्जून सांगतो. पण ओळ पुन्हा का म्हणायची, याचे इतके सरळ उत्तर मला कुठल्या पुस्तकात भेटले नव्हते. दुःख दुसऱ्यांदा सांगायचे ते ऐकणारा बहिरा असतो म्हणून नव्हे. सांगणाऱ्याला पुढे काय म्हणायचे ते अजून उमगलेले नसते म्हणून.

"कुणाला सांगायचीस गं?" मी विचारले.

"आईला. ती कुठं जवळ होती? म्हणून मग जात्याला."

थोडा वेळ ती लसूणच सोलीत राहिली. मग खालच्या आवाजात तिने एक ओळ धरली. वडिलांचे नाव त्यात नव्हते, पण ती त्यांचीच होती. तीच ओळ तिने पुन्हा म्हटली आणि गप्प झाली. मी भीतभीतच मेंडोलिनवर चार स्वर वाजवून मधली जागा भरली. तिने मान हलवली. 'बरं आहे' की 'पुरे', ते कळले नाही.

त्याला आता चार महिने झाले. शेजाऱ्यांचे विनोद चालू आहेत, माझा गंधार अजून कधी कधी घसरतो. संध्याकाळी कधी तिच्या मनात आले तर ती ती ओळ दोनदा म्हणते आणि मी तिची जोडीदारीण होतो. पुढची ओळ अजून आलेली नाही. घाई कुणालाच नाही.